कुंडातल्या साहेबांनी सांगितलेला शब्द

भिवंडी,
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप मैनाबाय हिच्या पायांशी धाकट्या भावाचा, बाळारामचा नमस्कार.

पत्राच्या माथ्यावर श्री लिहिलेला नाही, त्याबद्दल रागावू नकोस. सुतक फिटून चार दिवस झाले आणि लिहायला हरकत नाही असं भटजीही म्हणाले, पण पेन तिथे टेकवलं आणि परत उचललं. पुढच्या पत्रात लिहीन. तुझ्या पायाचं प्लास्टर कसं आहे? आत खाज सुटते म्हणून तू विणायची सुई आत घालतेस असं मेघाली सांगत होती. तसं करू नकोस. कुंडावर जायचा हट्टही करू नकोस. गरम पाणी हाडाला चांगलं असेल, प्लास्टरला चांगलं नसतं. फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही (मी बोलतोच हळू, हे तू लहानपणापासून सांगत आलीस), म्हणून पत्र लिहितो आहे. मेघाली, आजीला ऐकू जाईल असं सावकाश वाच. कंसातलं वाचायचं की गाळायचं ते तू ठरव.

आता मुद्द्याचं. तू विचारलंस की गणेशपुरीच्या बाजारात बायका म्हणतात, तुमचा नामा विमान चालवायचा, हे काय प्रकरण आहे. नामादादाने जन्मात विमानात पाऊल ठेवलं नाही, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आपलं घर सोडलं तर भिवंडीत आता ते कोणाला माहीत नाही. तो चाळीस वर्षं लूमचा जॉबर होता. लूम बंद पडला की तो शेजारी उकिडवा बसायचा, कान लावायचा आणि हात न वळवता मागे पसरून पाना मागायचा. त्याला आकाशातलं काही दुरुस्त करायला कोणी बोलावलं नव्हतं. दादा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तू आमच्या मोरीत घसरलीस आणि तुला अकलोलीला परत न्यावं लागलं, त्यामुळे पुढचं तू पाहिलं नाहीस. ते सगळं सांगायचं तर गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून सांगावं लागेल.

त्या फेब्रुवारीत दादा गुडघ्यांसाठी तुझ्याकडे आठ दिवस राहिला होता आणि रोज सकाळी कुंडात बसायचा. तिथे त्याला एक म्हातारे साहेब भेटले. ते विमानांच्या दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेले होते, असं ते म्हणाले. गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून दोघांच्या गप्पा झाल्या. दादा म्हणाला मी लूम दुरुस्त करायचो, साहेब म्हणाले मी विमानं. मग साहेबांनी त्याला सांगितलं की विमानाचे पंख आणि शेपूट वगळून जे मधलं धड उरतं, ज्यात माणसं बसतात, त्याला फ्यूजलाज म्हणतात, आणि हा शब्द तुमच्याच धंद्यातला आहे. फ्रेंच लोकांत सूत कातायच्या टकळीचं जे नाव आहे त्यावरून तो आला. सूत भरलेली टकळी मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती असते, विमानाचं धडही तसंच. दादाला हे इतकं आवडलं की तो त्या दिवशी कुंडातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर आला. साहेबांचं नाव विचारायचं राहून गेलं.

परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्याने हे धामणकर नाक्यावर चचाच्या टपरीवर सांगितलं. चचाची टपरी तुला ठाऊक नसेल. चचा उत्तर प्रदेशातला, टपरी वीस वर्षांची, आणि आम्ही जुने कारखानेवाले सगळे तिथे सकाळी कटिंग चहा घेतो. दादाने हे सांगितलं ते चुकीच्या लोकांना सांगितलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाचं आयुष्य लूमवर गेलेलं, आणि भिवंडीत सूत कोण कातं? ते बाहेरून पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळून आयतं येतं. आम्हाला माहीत असलेलं दोन्ही टोकांना निमुळतं लाकूड म्हणजे लूमवर आडवं सूत नेणारा धोटा. तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की विमान धोट्यासारखं दिसतं, धोट्यासारखं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जातं, म्हणून शब्द आलाच असेल तर धोट्यावरून. मोरूशेठ तरे (ज्यांच्या कारखान्यात दादा शेवटची बारा वर्षं होता) म्हणाले, "नामा, तुला ह्यो सांगितला कोनी?"

"कुंडात एक साहेब होते."

"नाव काय त्यांचा?"

"न्हाय इचारला."

"दिसायला कसं व्हते?"

दादा खरं तेच बोलला. म्हणाला, "डोकाच दिसत व्हता."

यावर टपरी अर्धा तास हसत होती. चचाने दूध उतू घालवलं. इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं, दादाही हसला होता. मग मोरूशेठ माझ्याकडे वळले. मी तिथे दोन वर्षं रोज बसतो, पण बोलत नाही, म्हणून माझ्याबद्दल एक गैरसमज आहे की मी विचार करत असतो. ते म्हणाले, बाळाराम शिकलेला आहे, कारखान्यात त्याने तीस वर्षं लिहायचं काम केलं, तो काय म्हणतो बघू. मला "मला माहीत नाही" एवढं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण इतके लोक एकदम माझ्याकडे बघतायत असं आधी कधी झालं नव्हतं. मी म्हणालो, "दादाचं लहानपणापासून असंच आहे. शाळेत याची टकळी हरवली होती, ती आता विमानात सापडली म्हणतोय."

बाय, मी आयुष्यात केलेला हा एकच विनोद. लोक बाकावरून उठून हसले. कोणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. दादा हसला नाही. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "तू बोलतंस कदी, आनि बोललास तवा ह्यो." आणि गेला. त्या दिवसापासून तो टपरीवर आला नाही आणि माझ्याशी बोलला नाही. मीही बोललो नाही. एकाच घरात, तो वर आणि मी खाली. निरोप असला तर वहिनी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून दोन्हीकडे सांगायची. अकरा महिने. (तू दोन वेळा फोन करून मिटवायला सांगितलंस. तेव्हा मी "बरं" म्हणालो होतो, ते तुला ऐकू आलं असेल की नाही कोण जाणे. पण तसं काही केलं नाही हे खरं.)

तू म्हणशील, आजकाल हातातल्या फोनवर एका मिनिटात सगळं कळतं, तेव्हाच बघायचं होतं. दादाचा प्रितेश एकदा तेच म्हणाला होता, थांबा काका, बघून सांगतो. मी त्याला नको म्हणालो. दादा खोटा निघाला असता तर मला बरं वाटलं नसतं, आणि खरा निघाला असता तर वर जावं लागलं असतं. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

या अकरा महिन्यांत दादाने गच्चीवर खुर्ची नेऊन ठेवली होती. संध्याकाळी तो तिथे बसून विमानं बघायचा. मुंबईला उतरणारी बरीच विमानं आपल्यावरून जातात. शेजाऱ्यांची नातवंडं गच्चीवर आली की त्यांना दाखवायचा, ते बघा, पंख सोडून बघा. मला हे खाली अंगणात ऐकू यायचं. मग जानेवारीत त्या सकाळी त्याने चहाचा कप उचलला आणि परत बशीत ठेवला, आणि वहिनीने विचारलं काय झालं, तर तो काही बोलला नाही. पुढचं तू पाहिलंस.

आता फ्लेक्सचं. आपल्याकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवसापर्यंत नाक्यावर त्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला नाही तर लोकांना वाटतं घरात भांडण आहे. (घरात भांडण होतंच, म्हणून मीही घाई केली.) प्रितेश नाक्यावरच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला. दादाचा एकच बरा फोटो होता, तोही गच्चीवरचा, बनियनमधला. दुकानातल्या सार्थकने सांगितलं, चेहरा चांगला आहे, आपण डोकं कापून दुसऱ्या धडावर लावू, सगळ्यांचं तसंच करतो. हे खरं आहे. नाक्यावर ज्या माणसांनी जन्मात कोट घातला नाही ती सगळी मेल्यावर कोटात आहेत. मग सार्थकने विचारलं, त्यांना कशाची आवड होती? प्रितेश रडत होता. तो म्हणाला, विमानाची.

दुसऱ्या दिवशी दहा फुटी फ्लेक्स लागला. मी तो पाहायला गेलो तेव्हा आधी मला वाटलं दुसऱ्या कोणाचा आहे. मागे निळं आकाश, त्यात एक मोठं विमान, आणि पुढे नामादादा. डोक्यावर बिल्ल्याची टोपी, पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर चार सोनेरी पट्टे. खाली लिहिलं होतं, कै. नामदेव भोईर यांचे अखेरचे उड्डाण. चेहरा मात्र दादाचाच होता, लूमला कान लावताना करायचा तसा. कुंडातले ते साहेब नुसतं डोकं होते आणि त्यांचं म्हणणं कोणी मानलं नाही. इथेही दादाचं नुसतं डोकं होतं, पण खाली धड सापडल्यामुळे सगळ्यांनी मानलं.

आणि मानलं म्हणजे किती मानलं! दुपारपर्यंत माणसं यायला लागली. कामतघरहून एक गृहस्थ आले, म्हणाले आमच्या मुलीला हवाई सुंदरीचा कोर्स करायचा आहे, कॅप्टनसाहेब असते तर विचारलं असतं. एका शाळेने निरोप पाठवला की त्यांचा जुना युनिफॉर्म असेल तर स्नेहसंमेलनाला हवा होता. चचा स्वतः टपरी बंद करून आला, माझा हात धरला आणि म्हणाला, "बालाराम भाई, तुम्हारा भाई पायलट था और मेरे यहाँ कटिंग पीता था? कभी बोला ही नहीं!" मी म्हणालो, चचा, तू त्याला हजार वेळा तेलकट कपड्यांत पाहिलं आहेस. चचा म्हणाला, "वही तो. कितना सादा आदमी था." आणि रडायला लागला. ज्याने वीस वर्षं दादाला पाना खिशात घेऊन बसलेला पाहिला त्याला जर मी पटवू शकलो नाही, तर इतरांना काय सांगणार? मी प्रितेशला म्हणालो फ्लेक्स उतरव. तो वहिनीला विचारायला गेला. वहिनी तीन दिवस कोणाशी बोलली नव्हती. तिने फोनवर फ्लेक्सचा फोटो पाहिला आणि म्हणाली, "ऱ्हाऊं दे. चाळीस वरसा तेलाच्या सदऱ्यात बगितला. शोभतोय." फ्लेक्स राहिला.

पण मला झोप लागेना. दादा जिवंत असताना एक गोष्ट सांगत होता, तर सगळे त्याला हसले, आणि हसवणारा मी होतो. आता त्याने कधीच न सांगितलेली गोष्ट लोक हात जोडून ऐकत होते. पाचव्या दिवशी मी भटजींना फोन करून विचारलं की सुतकात वाचनालयात गेलेलं चालतं का. ते म्हणाले देवळात जाऊ नये, वाचनालयाबद्दल शास्त्रात काही नाही. म्हणून गेलो. तिथला मोठा इंग्रजी शब्दकोश दोन हातांनी उचलावा लागतो. मी आधी चुकीच्या पानांत पाऊण तास शोधत बसलो, शेवटी तिथल्या बाईंनी स्पेलिंग लिहून दिलं. शब्द सापडला. विमानाचं धड, असा अर्थ दिला होता. मूळ फ्रेंच, त्या लोकांच्या स्पिंडलला जे नाव आहे त्यावरून केलेला, म्हणजे स्पिंडलच्या आकाराचं. स्पिंडल म्हणजे टकळी किंवा चरख्याची चाती. धोट्याचं नावही नव्हतं. हा स्पिंडल शब्द मी तीस वर्षं रजिस्टरमध्ये माझ्या हाताने लिहीत आलो, कांडी मशीनचे स्पिंडल, नग सहा. बाईंनी विचारलं, परीक्षा आहे का कोणाची? मी हो म्हणालो.

मला ते पान वाचून एक वाटलं, ते तुला सांगतो. ज्यांनी पहिली विमानं केली त्यांच्यापुढे एक नवी वस्तू होती, तिला नाव नव्हतं. त्यांना मोठं, आकाशाचं, पक्ष्याचं नाव देता आलं असतं. पण त्यांना आठवली ती घरात म्हाताऱ्या बायकांच्या हातात फिरणारी टकळी. याचा अर्थ त्यांनी ती लहानपणी पाहिली असणार. दादाला हेच आवडलं असावं. मला हे त्याच्याशी बोलता आलं असतं.

मी ठरवलं की दहाव्याला बोलायचं. तुला माहीत आहे, पिंडाला कावळा शिवला नाही की घरचे एकेक पुढे होऊन सांगतात, तुझी अमुक इच्छा पुरी करू, तमक्याला सांभाळू. मी मनात वाक्य तयार केलं होतं, दादा, तू बरोबर होतास, चूक माझी. कावळा अडून बसणार याची मला खात्री होती, कारण अडून बसण्यासारखं कारण होतं. नदीवर गेलो, भटजींनी पिंड ठेवला, आम्ही मागे सरायच्या आत दोन कावळे आले आणि त्यांनी पान साफ केलं. भटजींना मंत्र घाईने आवरावा लागला. सगळे म्हणाले, किती समाधानी जीव, काही मागे ठेवलं नाही. मी वाक्य तोंडात घेऊन उभा राहिलो. (मेघाली, इथे आजी हसली तर हसू दे. मलाही आता तसंच वाटतं.)

मग मंडपात श्रद्धांजलीची भाषणं. निवेदकाने आलेल्यांची नावं घ्यायला पंचवीस मिनिटं घेतली. मोरूशेठ उठले. मला वाटलं, हे तरी खरं सांगतील, बारा वर्षं याच माणसाने त्याला पगार दिला. त्यांनी माइक हातात घेतला, स्टेजच्या मागे टांगलेल्या दुसऱ्या फ्लेक्सकडे पाहिलं, आणि म्हणाले की कॅप्टन नामदेव आमच्या कारखान्यातही सेवा देत असत. धामणकर नाक्यावर त्यांच्या स्मरणार्थ विमानाची प्रतिकृती बसवावी असा ठराव त्यांनी मांडला आणि लोकांनी हात वर केले. त्यानंतर वायुदलातून निवृत्त झालेले विठू गायकर नावाचे गृहस्थ, ज्यांना आपल्यापैकी कोणी ओळखत नव्हतं, गणवेशात पुढे आले आणि त्यांनी फोटोला कडक सॅल्यूट केला. मंडपात बायका रडल्या.

मी उठलो. निवेदकाने माझ्या हातात माइक दिला तेव्हा तो मी घेतला आहे हे मला नंतर कळलं. मी म्हणालो, "माझा भाऊ पायलट नव्हता. तो लूमचा जॉबर होता. विमानाच्या धडाला जे नाव आहे ते टकळीवरून पडलंय असं तो सांगायचा. मी त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मी कोशात पाहिलं. तो खरं बोलत होता." माझा आवाज माइकमधूनही हळूच आला, पण मंडप इतका शांत झाला होता की मागे भांडी घासणाऱ्या बाईनेही हात थांबवला.

बायकांच्या बाजूने सीतावहिनी बोलली. इतक्या दिवसांत तिचा आवाज लोक पहिल्यांदा ऐकत होते. "आता बोललास व्हय, भाऊजी? अकरा म्हयने जेवताना जिन्याकडं तोंड करून बसायचा. मी म्हनायची, ताटाकडं बगा. म्हनायचा, बाळ्या येल सांगाला, त्याला इंग्लिश येतं, बगितल्याशिवाय ऱ्हानार न्हाय."

निवेदकाने माझ्या हातातून माइक काढून घेतला आणि सांगितलं, बंधू भावनाविवश झालेले आहेत, आपण समजू शकतो, कॅप्टनसाहेबांच्या जाण्याने कुटुंबावर आघात झाला आहे. आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

जेवणाच्या वेळी ते विठू गायकर माझ्या पंगतीला बसले. मी त्यांची माफी मागितली, म्हणालो आमच्यामुळे तुम्हाला उगाच सॅल्यूट करावा लागला. ते म्हणाले, फ्लेक्सवरचा शर्ट उलट्या बाजूला बटणं असलेला आहे हे मी नाक्यावरच पाहिलं होतं, पण गणवेश इस्त्री करून झाला होता. थोड्या वेळाने म्हणाले, "टकळीचं आम्हालाही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी विसरलो होतो. एकदा केलेला सॅल्यूट परत घेता येत नाही, तेव्हा तो जॉबरसाहेबांना होता असं समजा." इतक्या माणसांत हा एकच माणूस मला भेटला, बाय. त्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला. (आपल्या घराण्याची सवयच दिसते.)

तर प्रकरण असं आहे. गणेशपुरीत कोणी विचारलं तर तुला जे वाटेल ते सांग. खरं सांगून बघ, पण मानतील असं वाटत नाही. वहिनी बरी आहे, दोन वेळा जेवते. फ्लेक्स अजून आहे, एका कोपऱ्यात सुटून वाऱ्याने फडफडतो. मी रोज सकाळी टपरीवर जाताना तो बांधतो. संध्याकाळी गच्चीवर जाऊन बसतो. पंख सोडून बघायचं असतं, हे मला आता जमायला लागलं आहे.

मेघालीला आशीर्वाद. तुला पुन्हा नमस्कार.

तुझा धाकटा,
बाळाराम

ता. क. दादाचं पहिलं मासिक श्राद्ध आजपासून तेरा दिवसांनी आहे. त्या दिवशी त्याच्या फोटोपुढे एक टकळी ठेवावी असं मनात आहे. पण रिकामी टकळी म्हणजे नुसती सळई आणि खाली चकती, ती कशासारखीच दिसत नाही. तो आकार सुताने येतो. आपल्यात नीट सूत कातता येणारी तू एकटी उरलीस, तुला शाळेच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं होतं. प्लास्टर पायाला आहे, हाताला नाही. प्रितेश येत्या मंगळवारी टकळी आणि कापसाचे पेळू घेऊन येईल, तेवढी भरून दे. मधे फुगीर, दोन्हीकडे निमुळती. खरं म्हणजे हे पत्र यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. टकळी कुठून आणली असं तू विचारशील. ती माझ्याकडेच होती. चौथीत असताना माझ्या टकळीची चकती वाकली, म्हणून मी सहावीतल्या दादाच्या दप्तरातून त्याची काढून घेतली. त्याला टकळी हरवली म्हणून नाईक गुरुजींनी बोटं एकत्र धरायला लावून पट्टीने मारलं होतं, ते तू पाहिलं होतंस आणि घरी येऊन सांगितलं होतंस. चकतीच्या खाली खिळ्याने 'ना' कोरलेलं आहे, म्हणून मी ती परत द्यायला किंवा टाकायला दोन्हीला घाबरलो. माझ्या पेटीत ती बावन्न वर्षं आहे. टपरीवर मी जो विनोद केला तो करताना ती कुठे आहे हे मला माहीत होतं.

ता. क. तिसरा. मेघाली, वरचं आजीला वाचून दाखवू नकोस. टकळी जुन्या सामानात सापडली एवढंच सांग.

नको, वाच. पण मग तिला एक विचार. गुरुजी मारत होते तेव्हा दादाने एकदाच मान वळवून माझ्या वर्गाच्या दाराकडे पाहिलं होतं. मी दारात उभा होतो. नंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. गेल्या भाऊबीजेला तो तुमच्याकडे चार दिवस होता. टकळी कोणी घेतली हे त्याला माहीत होतं का, तसं काही तो आजीजवळ बोलला का? माहीत नव्हतं असं ती म्हणाली तर फोन कर, तेवढं मला ऐकता येईल. माहीत होतं म्हणाली तर लिहून पाठव.